दातांना जुनी जागा आठवते

घाटावर कावळ्यांना तोटा नव्हता. पिंपळावर बसलेले होते, पायऱ्यांवर उड्या मारत होते, शेजारच्या कुटुंबाच्या पिंडाला शिवून, चोच पुसून परत फांदीवर जात होते. आमच्या आबांच्या पानाकडे मात्र एकही फिरकत नव्हता.

"रुसलाय म्हातारा," मालनआत्या म्हणाली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"रुसंल न्हाई तर काय? भजी गार झाली," बापूकाका म्हणाले.

आबा म्हणजे माझे आजोबा. कऱ्हाडच्या घाटावर त्यांचा दहावा चालला होता. केळीच्या पानावर भाताचा पिंड आणि भोवती आबांना आवडणारं सगळं मांडलं होतं: कांदाभजी, कपभर चहा, शेंगदाण्याची चटणी, बिडीचं बंडल. बंडलाशेजारी काडेपेटी नाही हे बापूकाकांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी माझ्या पप्पांना काडेपेटी आणायला पिटाळलं. बापूकाका थोरले आणि पप्पा धाकटे, त्यामुळे पप्पांचा जन्म बहुतेक काहीतरी आणण्यात गेला. काडेपेटी आली. कावळ्यांना तिचंही काही वाटलं नाही.

कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली. मग घरच्यांनी एकेकानं पुढं व्हायचं, हात जोडायचे आणि कसलंतरी वचन द्यायचं. ज्या वचनाला कावळा उतरेल ती इच्छा.

पहिल्यांदा बापूकाका पुढं झाले. "आबा, बांधाचं भांडण मिटवतो," ते म्हणाले. एक कावळा मान तिरकी करून बघत राहिला. काकांनी जरा वेळ वाट पाहिली आणि सुटल्यासारखे मागं सरले. मग आत्या पुढं झाली. "आबा, मी माझ्या वाटणीचं काही मागणार न्हाई," ती पुटपुटली.

"मोठ्यानं बोल की. त्याला ऐकू गेलं न्हाई," काका म्हणाले.

"त्याला गेलंय. तुला जायला पायजे होतं," आत्या म्हणाली. "आता तू म्हण, दारू सोडतो म्हणून."

"बघ, उडाला कावळा," काका म्हणाले.

भटजींना घाई होती. घाटावर त्यांची अजून दोन कार्यं खोळंबली होती. "दर्भाचा कावळा करतो," ते म्हणाले. "शास्त्रात सोय आहे. दर्भाचा शिवला तरी चालतो."

"अजिबात न्हाई," काका म्हणाले. आबांचं ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. "माझ्या बापानं जन्मात कधी डुप्लिकेट पार्ट वापरला न्हाई. त्याला गवताचा कावळा लावू?"

हे सगळं मी गप्प बसून बघत होते, कारण माझ्या तोंडात क्लिप होती.

त्या क्लिपबद्दल सांगायला हवं. माझे पुढचे दात एवढे पुढं होते की मी खोलीत शिरायच्या आधी ते शिरायचे. तीन ठिकाणची पाहुणेमंडळी पोहे खाऊन गेली आणि परत आली नाहीत. मग बापूकाकांनी घरात जाहीर केलं की मुलीच्या दातांवर काम करावं लागेल. विहिरीवर काम करावं लागेल, असं ते ज्या आवाजात म्हणत त्याच आवाजात. अडीच वर्षं मी तारा लावल्या. कणीस नाही, चिक्की नाही, ऊस नाही. तारा निघाल्या तेव्हा मी आरशासमोर बसून नुसती ओठ उघडत होते आणि मिटत होते.

डॉक्टरांनी मग टाळूला चिकटून बसणारी प्लॅस्टिकची पट्टी बनवून दिली, पुढून दातांवर एक तार फिरवलेली. ते तिला रिटेनर म्हणायचे, आम्ही घरी क्लिप म्हणायचो. रंग निवडायला सांगितला तेव्हा मी चमकी घातलेला हिरवा निवडला. तो लहान मुलांसाठी असतो हे नंतर कळलं. जेवताना सोडून दिवसरात्र घालायची, असा हुकूम होता. "ती एकतर तोंडात असेल नाहीतर डबीत. तिसरी जागा नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि चुकवायची नाही. दातांना जुनी जागा आठवते. सोडले की परत निघाले."

बापूकाका माझ्याबरोबर आले होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे गॅरंटी किती दिवसांची?"

"गॅरंटी नसते हो. ही घातली तर राहतील."

काकांनी यातून एवढाच अर्थ काढला की माल सध्या चांगला आहे तोवर खपवायला हवा. त्यात आबा गेले. घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं आमच्याकडे आहे. आता काकांच्या डोक्यावर दोन मुदती होत्या, एक आबांची आणि एक माझ्या दातांची.

इस्लामपूरचं स्थळ आलेलंच होतं. मुलाचं खतांचं दुकान होतं. मुलगा चांगला होता, हीच अडचण होती. वाईट असता तर मला नाही म्हणायला काहीतरी मिळालं असतं. मला कोल्हापूरला एमएस्सीला प्रवेश मिळाला होता, वसतिगृहात जागा मिळाली होती, आणि मला जायचं होतं. घरातलं कुणीही ऐकून घेत नव्हतं. आबांना सांगितलं होतं, ते एवढंच म्हणाले होते, "जा की." पण ते खोलीत आम्ही दोघंच असताना म्हणाले होते, आणि आता साक्षीदार पानावरच्या पिंडात जाऊन बसला होता.

त्या मुलाचे मामा, सदाशिवमामा, दहाव्याला आले होते. आम्ही सगळे पायरीवर बसलो होतो, मामांना तेवढी प्लॅस्टिकची खुर्ची दिली होती. माणूस दुखवट्याला आला होता, पण अधूनमधून माझ्या तोंडाकडे बघत होता.

आत्याची वाटणी सोडून झाली, काकांची दारू न सोडून झाली, चुलत्यांपैकी कुणी माळ घालायचं कबूल केलं, कुणी गाय सांभाळायचं. कावळे तसेच. मग बापूकाका हळूच माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला.

"वैजू," ते म्हणाले, "तुझ्यावर लई जीव होता आबांचा."

"व्हय की," आत्या म्हणाली. "सारखं म्हणायचे, वैजूच्या डोक्यावर अक्षता पडलेल्या बघू दे."

आबा असं कधी म्हणाले नव्हते. आबा शेवटच्या महिन्यात सारखं काही म्हणत असतील तर ते चहात साखर घाला एवढंच. मी पप्पांकडे पाहिलं. पप्पा पानावरच्या काडेपेटीकडे बघत होते.

"ये पुढं," काका म्हणाले. "हात जोड आणि सांग. आबा, मी इस्लामपूरच्या स्थळाला हो म्हणते, दिवाळीनंतर लगीन करते, तुम्ही सुखानं जा. एवढंच बोल. बघ कसा कावळा येतो."

सदाशिवमामा खुर्चीत सरळ बसले.

मी पुढं गेले आणि आईच्या शेजारी पानासमोर बसले. आई मघापासून तिथंच होती, भजी सारखी करत, चहात पडलेलं पान काढत. माझी आई चारचौघांत बोलत नसे. घरातही कमीच.

मी काहीतरी बोलले. मला म्हणायचं होतं की आबा मला जा म्हणाले होते. पण क्लिप घालून माझी सगळी अक्षरं टाळूवरून घसरायची, आणि रडू आलं की तोंडात पाणी साठायचं. भटजींनी आदरानं विचारलं, "कुठली भाषा आहे ही?"

"ते काढ आधी तोंडातलं," काका म्हणाले. "आबांना कळलं पायजे. कावळ्याला कळलं पायजे."

मी दोन्ही अंगठे घालून क्लिप काढली. डबी घरी राहिली होती. दहाव्याला डबी कशी न्यायची म्हणून मीच ठेवून आले होते. क्लिप हातात घेऊन मी वेड्यासारखी इकडंतिकडं बघत बसले. ओढणीत बांधू तर ओढणी चुरगळून तार वाकेल.

"आण इकडं," आई म्हणाली. "हरवशील नाहीतर."

ती माझ्याकडे पाठ करून जराशी वळली आणि क्लिप तिनं पानाच्या कडेला ठेवली. मला वाटलं, बरोबर, तिथं कुणाचा पाय पडणार नाही.

मी हात जोडले. माझ्याभोवती सगळं घर उभं होतं. मला अजून आठवतं, तोंड रिकामं आणि हलकं वाटत होतं आणि जीभ आपोआप नव्या दातांवरून फिरत होती. मी 'हो' म्हणणार होते. कुणाला आज खोटं वाटेल, पण मी खरंच म्हणणार होते. एवढी माणसं उन्हात ताटकळली होती, भटजींची दोन कार्यं खोळंबली होती, आबा मध्येच कुठंतरी अडकले होते, आणि ते सगळं माझ्या एका शब्दानं मोकळं होणार होतं. तेवढ्यासाठी माणूस हो म्हणतो.

"आबा," मी म्हणाले.

तेवढ्यात एक कावळा सरळ पानावर उतरला. पिंडाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. भजी ओलांडून दोन उड्या मारल्या, माझी क्लिप तारेला धरून उचलली आणि उडाला.

"माझी क्लिप," मी ओरडले. माझा त्या दिवसातला हा एकमेव स्वच्छ उच्चार.

"शिवला," आत्या ओरडली. सगळ्यांनी हात जोडले. कावळा पिंपळाला वळसा घालून नदीवर गेला. चमकी उन्हात दोनदा चमकली आणि मग पलीकडच्या झाडांत कावळा दिसेनासा झाला. मी पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत धावले. मागून काका म्हणत होते, "अगं नमस्कार कर, नमस्कार कर आधी."

मग वाद सुरू झाला. शिवला म्हणायचं की नाही? पिंड जागेवर होता, भाताचं शीतही हललं नव्हतं. आत्याचं म्हणणं, शिवला. काकांचं म्हणणं, वैजूनं अजून वचन दिलंच नाही तर तो शिवेल कसा, तिनं पूर्ण वाक्य बोलावं आणि कावळ्यानं परत यावं. दोघंही भटजींकडे वळले.

भटजींनी घड्याळात पाहिलं. "ती वस्तू पानाला लागून होती का?" त्यांनी विचारलं.

"पानावरच होती," आई म्हणाली.

"मग शिवला. पान एक, पिंड एक. आत्मा तृप्त झाला." आणि ते पळी-पंचपात्र गोळा करून पुढच्या कार्याला गेलेसुद्धा.

सदाशिवमामा खुर्चीतून उठले होते. त्यांनी काकांना बाजूला घेतलं, पण त्यांचा आवाज खाजगीत बोलण्याचा नव्हता. "पोरगी चांगली हाय," ते म्हणाले. "पण गेलेल्या माणसानं इतकं सगळं सोडून तिचे दात मागून नेले. ह्याचा अर्थ काय लावायचा तुम्हीच सांगा."

"दात न्हवंत ते. क्लिप हाय," काका म्हणाले.

"तोंडातनंच निघालं न्हवं?"



कऱ्हाडहून इस्लामपूर लांब नाही, पण तेवढ्या अंतरात गोष्ट पुष्कळ वाढली. तिकडं पोचेपर्यंत असं झालं होतं की मुलीला स्वतःचे दातच नाहीत, कवळी आहे, आणि ती कवळी दहाव्याला कावळ्यानं नेली. बापूकाका चवताळले. डॉक्टरांनी तारा काढल्यावर माझ्या दातांचा प्लॅस्टरचा साचा करून दिला होता, वरचा आणि खालचा. काकांनी तो कापडी पिशवीत घातला, एसटीनं इस्लामपूर गाठलं आणि पाहुण्यांच्या बैठकीत टीपॉयवर मांडला. "घ्या मोजून," ते म्हणाले. "सगळे हाईत."

पाहुण्यांनी मोजले. मुलाच्या आजीनं साचा हातात घेऊन उघडझाप करून पाहिला. मग त्यांनी काकांना चहा दिला, बस स्टँडवर सोडायला माणूस दिला, आणि ते स्थळ तिथं संपलं. त्यांचं तरी काय चुकलं? ज्याच्या पुतणीचे दात तोंडात आहेत तो माणूस ते पिशवीतून कशाला आणेल?

साचा परत आल्यावर काकांनी तो कपाटावर ठेवला आणि मला म्हणाले, "जा बाई कोल्हापूरला. इथं आता तुझं काय जमत न्हाई." आबांनी जे दोन शब्दांत सांगितलं होतं ते काकांना इतक्या लांबून कळलं.

जायच्या आधी नवी क्लिप करायची होती. आई बरोबर आली. डॉक्टरांनी विचारलं, कशी हरवली. मी सांगितलं.

"कावळ्यानं," डॉक्टर म्हणाले. "कुत्र्यानं चावलेल्या आल्यात. हॉटेलात कागदात गुंडाळून टाकलेल्या तर रोज येतात. कावळा पहिलाच." त्यांनी तोंडात डोकावून पाहिलं. "थोडे सरकलेत. वेळेत आलात."

त्यांनी गुलाबी लगदा कालवला, पत्र्याच्या ट्रेमध्ये भरला आणि वरच्या दातांवर दाबून बसवला. "घट्ट होईपर्यंत हलायचं नाही. नाकानं श्वास घे. बोलायचा प्रयत्न करू नकोस." तेवढ्यात बाहेर कुणाचं तरी लहान मूल रडायला लागलं. "ताई, हा ट्रे असा धरून ठेवा," असं आईला सांगून ते बाहेर गेले.

आई खुर्चीशेजारी उभी राहिली. तिची दोन बोटं माझ्या तोंडात होती. मी छताकडे बघत होते आणि घशाकडे उतरणारा लगदा गिळायचा नाही एवढंच मनात घोकत होते.

"तारेत भज्याचा तुकडा अडकवला होता मी," आई म्हणाली.

मी डोळे फिरवून तिच्याकडे पाहिलं.

"हलू नको. कावळे तिथं पिंडाला कंटाळलेले असतात गं. दिवसभर भातच. भजीही आपण मांडली होती म्हणा, पण माणसं एवढी जवळ उभी. कडेला असलं की त्यांना पळवायला बरं पडतं. येईल असं वाटलं नव्हतं मला. म्हटलं, बघू."

मी घशातून काहीतरी आवाज काढला.

"सांडशील. ऐक नुसतं." तिनं दुसऱ्या हातानं माझ्या हनुवटीवर आलेली लाळ पुसली. "माझ्या आजोबांच्या दहाव्याला मला असंच बसवलं होतं. तुझ्या पप्पांचं स्थळ आलं होतं. आमच्याकडेही कावळा येईना. मामा म्हणाला, आजोबांची इच्छा आहे, म्हण हो. मी म्हणाले. लगेच शिवला. सगळे म्हणाले, बघा, ह्यातच जीव अडकला होता म्हाताऱ्याचा."

बाहेरचं मूल गप्प झालं होतं. आईची बोटं तशीच घट्ट होती.

"आजोबा चार वर्षं लकव्यानं पडून होते," ती म्हणाली. "बोलता येत नव्हतं त्यांना. माझं नावसुद्धा घेता येत नव्हतं. त्यांनी इच्छा सांगितली कुणाला, हे मला तिथं बसल्या बसल्या विचारायचं होतं. पण तेवढ्यात कावळा शिवला." मग ती म्हणाली, "पप्पा चांगले आहेत तुझे. ते वेगळं."

डॉक्टर आले. त्यांनी ट्रे एका झटक्यात खाली ओढला, माझ्या दातांचा ठसा उजेडात धरून पाहिला आणि खूश झाले. "चूळ भर," ते म्हणाले, आणि ठसा घेऊन आत गेले.

मी चूळ भरली. ओठांवर लगदा वाळला होता, तो आई नखानं काढत होती.

"आई," मी म्हणाले, "तुला काय करायचं होतं तेव्हा?"

तिनं माझ्या ओठाच्या कोपऱ्यातला शेवटचा तुकडा काढला.

"कुणी विचारलं तर सांगायचं म्हणून पुष्कळ दिवस लक्षात ठेवलं होतं," ती म्हणाली. "मग विसरले बघ."